संगणकाचा लिफाफा : जावा, सोप आणि इंटरफेसची अडचण



आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र नोकरी लागल्यावर प्रत्येकाला नवीच प्रणाली हाताळायला मिळते असे नाही. बँका व विमा कंपन्यांमध्ये सोप पद्धतीच्या वेब सेवा अजूनही चालू आहेत आणि त्या सांभाळणारी माणसे लागतात. अशा कामात हमखास अडखळायला लावणारा एक मुद्दा येथे मांडत आहे. मी कला शाखेचा पदवीधर व बँकेतील कारकून. मला जो विषय समजला, तो आपल्या विद्यार्थ्यांना निश्चितच समजेल.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जाहीर केली. तिच्यात माहिती ‘ऑब्जेक्ट’च्या रूपात संगणकाच्या स्मृतीत राहते. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, शिल्लक हे सारे एका ऑब्जेक्टमध्ये असते. पण त्यातील बराच भाग म्हणजे ‘अमुक माहिती तमुक ठिकाणी आहे’ असा निर्देश असतो. आमच्या शाखेत ‘तिसऱ्या कपाटाचा दुसरा कप्पा’ म्हटले की कागद सापडतो. तेच शब्द दुसऱ्या शाखेला कळवून काय उपयोग? तिकडे सर्व तपशील ओळीने लिहूनच पाठवावा लागतो. असे ओळीने लिहून काढणे म्हणजे सीरियलायझेशन, आणि पलीकडे वाचून पुन्हा ऑब्जेक्ट उभा करणे म्हणजे डीसीरियलायझेशन.

१९९७ पासून जावात यासाठी ‘सीरियलायझेबल’ नावाची सोय आहे. पण तिची लिपी जावाची खासगी लिपी आहे. दुसऱ्या भाषेतील प्रणालीला ती सहजासहजी वाचता येत नाही. सोपने हा अडसर दूर केला. सोपची १.१ ही आवृत्ती २००० साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढे मांडली गेली आणि १.२ या आवृत्तीला २००३ साली त्या संस्थेची मान्यता मिळाली. यात संदेश एक्सएमएल या साध्या मजकुराच्या रूपात जातो. बाहेर लिफाफा, आत शीर्षभाग व मुख्य मजकूर, अशी त्याची रचना असते. कोणते काम होईल व त्यासाठी कोणती माहिती लागेल, याचा करारनामा ‘डब्ल्यूएसडीएल’ या दस्तऐवजात दिलेला असतो.

येथे पहिली चूक होते. विद्यार्थी आपल्या क्लासला ‘सीरियलायझेबल’ जोडतात आणि काम झाले असे समजतात. परंतु सोपसाठी ऑब्जेक्टचे एक्सएमएल करण्याचे काम सामान्यतः जॅक्स-बी ही यंत्रणा करते व तिला त्या जोडणीची गरज नसते. तिला हवा असतो प्रत्यक्ष क्लास, आणि बाहेरून काहीही न घेता ऑब्जेक्ट तयार करणारा कन्स्ट्रक्टर.

दुसरी अडचण इंटरफेसची. इंटरफेस म्हणजे काय काय करता आले पाहिजे याची यादी; त्यात खातेदाराची माहिती साठवलेली नसते. बँकेत ‘रोखपाल’ हे पद आहे. बदलीच्या आदेशाने पद गाडीत बसत नाही, माणूस बसतो. समजा, ‘खाते’ हा इंटरफेस असून बचत खाते व मुदत ठेव हे त्याचे दोन क्लास आहेत. सेवेने माहितीचा प्रकार म्हणून नुसते ‘खाते’ मागितले, तर पलीकडच्या यंत्रणेने नेमका कोणता ऑब्जेक्ट तयार करायचा? म्हणून जॅक्स-बी तेथेच त्रुटी दाखवून थांबते. मात्र सेवेतील कामांची यादी इंटरफेसमध्ये लिहायला काहीच हरकत नाही. अडचण माहितीच्या प्रकाराची आहे.

राजा मिलिंद व भदंत नागसेन यांचा रथाविषयीचा संवाद आपणा सर्वांना परिचित आहे. नुसते चाक म्हणजे रथ नव्हे, नुसता आस म्हणजेही रथ नव्हे. सर्व भाग एकत्र आले की व्यवहारात आपण त्यांना रथ म्हणतो. नुसते नाव पाठवून रथ पोहोचत नाही, भाग पाठवावे लागतात. इंटरफेसचेही तसेच आहे.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, इंटरफेसऐवजी प्रत्यक्ष क्लास वापरणे. दुसरा, एक पायाचा क्लास करून ‘एक्सएमएल-सी-ऑल्सो’ या खुणेने त्याचे सर्व उपक्लास नोंदवणे. मग संदेशातच प्रकाराचे नाव लिहिले जाते. तिसरा, ‘अ‍ॅडॅप्टर’ लिहिणे, म्हणजे इंटरफेस आणि प्रत्यक्ष क्लास यांच्यामध्ये दुभाषा बसवणे.

दुसऱ्या उपायात एक धोका आहे. पायाचा क्लास यंत्रणेला माहीत आहे, पण मुदत ठेवीचा क्लास नोंदवायचा राहिला, तर माहिती पायाच्या क्लासपुरतीच लिहिली जाऊ शकते. नाव जाते, रक्कम जाते. मुदतपूर्तीची तारीख व व्याजदर गळतो आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या वृद्ध खातेदाराच्या नोंदीत असे झाले, तर त्याने कोणाकडे जावे? थांबणारी चूक लगेच सापडते; न बोलणारी चूक गरिबाला भोवते. म्हणून पाठवलेला संदेश उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.

आणखी एक सूचना. २०१८ साली आलेल्या जावा ११ मधून जॅक्स-बी व सोपची साधने वगळली गेली. ती आता वेगळी जोडावी लागतात. नव्या आवृत्त्यांत त्यांच्या नावातील ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ आले आहे. जुन्या पुस्तकातील उदाहरण चालले नाही, तर आपण कमी पडलो असे समजू नका. आधी आवृत्ती तपासा.

विद्यार्थी मित्रांनो, दोन छोटे क्लास लिहा, एक खूण मुद्दाम काढून टाका आणि संदेशातून काय नाहीसे होते ते पाहा. ऐकले म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही तर आपल्याला तथागतांनी दिलेली शिकवण आहे. शिकलेले दुसऱ्यालाही शिकवा.

जयभीम! नमो बुद्धाय!