घाऊक भरण्याची मंदगती : काही निदाने

१९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची उपपत्ती मांडली, तेव्हा माहिती यंत्रात प्रत्यक्ष कशी रचली आहे याची चिंता वापरणारास करावी लागू नये, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. प्रश्न विचारण्यापुरता तो बहुतांशी सफल झाला. परंतु लक्षावधी नोंदी एकदम टेबलात घालण्याची वेळ आली की डिस्क पडद्याआडून पुढे येतेच. रात्रीत संपावयाचे काम दिवसेंदिवस रेंगाळते आणि अधिक मोठे यंत्र मागविण्याची भाषा सुरू होते. रोग न ओळखता औषध मागण्याचाच हा प्रकार होय.

पहिली गोष्ट पाहावयाची ती ही की, भरणा आरंभापासून एकसारखा मंद आहे, की वेगाने सुरू होऊन उत्तरोत्तर मंदावतो आहे.

एकसारखी मंदगती असल्यास संशय कमिटवर घ्यावा. कमिट झाल्याचे सांगण्यापूर्वी लॉग डिस्कवर खरोखर उतरला याची खात्री डेटाबेसला करून घ्यावी लागते, आणि वेगळे काही सांगितले नसेल तर बहुधा प्रत्येक इन्सर्ट हे एक स्वतंत्र ट्रान्झॅक्शन ठरते. एसक्यूलाइटचा हिशेब या बाबतीत उद्बोधक आहे. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर ट्रान्झॅक्शनांची मर्यादा सेकंदास सुमारे ६० पडते. तेच इन्सर्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गोवले तर साध्या संगणकावरही सेकंदास ५०,००० चा पल्ला गाठता येतो. म्हणजे दहा लाख नोंदींना एका रीतीने साडेचार तासांहून अधिक, तर दुसरीने सुमारे २० सेकंद! फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असल्यास ही तफावत घटते, नाहीशी होत नाही. सर्व्हर दूर असेल तर प्रत्येक विधानामागे जाण्यायेण्याचा वेळही मोडतो. पोस्टग्रेसमधील कॉपी ही आज्ञा तोही वाचविते.

उत्तरोत्तर येणाऱ्या मंदीचे कारण बहुधा इंडेक्समध्ये सापडते. बी-ट्री इंडेक्समध्ये क्रमाने वाढणारी किल्ली नेहमी उजव्या टोकाच्या पानावर जाते व ते पान स्मृतीतच असते. यादृच्छिक यूयूआयडी मात्र कोणत्याही पानावर जाऊन पडते. इंडेक्स स्मृतीत मावेनासा झाला की जवळजवळ प्रत्येक नोंदीसाठी एखादे पान डिस्कवरून आणावे लागते. त्यातही चेकपॉइंटनंतर पानाला प्रथमच हात लागला की पोस्टग्रेस ते ८ किलोबाइटचे अख्खे पान लॉगमध्ये उतरविते, त्यामुळे लॉग फुगतो तो निराळाच. कालक्रम राखणारी यूयूआयडीची सातवी आवृत्ती २०२४ साली प्रमाणित झाली. ती वापरल्यास हा दोष पुष्कळसा टळतो. रिकाम्या टेबलात प्रथम भरणा करून इंडेक्स मागाहून बांधणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु भरलेल्या टेबलावरील एकमेवत्वाचा इंडेक्स काढला, तर त्या अवधीत दुबार नोंदी शिरतात आणि तो पुन्हा बांधताच येत नाही.

परकीय किल्लीवर इंडेक्स नसल्याचे कारण अनेकदा पुढे केले जाते, ते येथे चुकीचे आहे. त्याने मूळ टेबलातील नोंदी वगळणे मंदावते, भरणा नव्हे.

एफसिंक बंद करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने वेग वाढतो खरा. तथापि ही मांडणी संपूर्ण सर्व्हरला लागू होते, आणि वीज गेल्यास त्याच सर्व्हरवरील सहकाऱ्याची वर्षांची माहितीही भ्रष्ट होऊ शकते. त्यापेक्षा आपल्या सत्रापुरते सिंक्रोनस कमिट बंद ठेवावे. त्यात फार तर शेवटची काही ट्रान्झॅक्शने हरवतात, आणि ती मूळ फाइलीतून पुन्हा भरता येतात.