पेन्सिल धरणारा हात

लग्नाला चार दिवस झाले होते आणि नवरदेवाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स तेव्हा 52 वर्षांचा होता. नवरी जॉर्जी हाइड-लीस हिला नुकतंच पंचविसावं पुरं झालं होतं. येट्सचं जिच्यावर वर्षानुवर्षं प्रेम होतं त्या मॉड गॉननं 1916 मध्ये त्याला पुन्हा एकदा लग्नाला नाही म्हटलं. पुढच्या वर्षी त्यानं तिच्याच मुलीला, इझूल्टला, मागणी घातली. तिथंही नकार मिळाला, आणि 20 ऑक्टोबर 1917 ला त्यानं जॉर्जीशी लग्न उरकलं. मधुचंद्राला दोघं इंग्लंडातल्या ॲशडाउन फॉरेस्टमधल्या हॉटेलात उतरले, पण येट्सच्या डोक्यात इझूल्टच. ही गोष्ट नव्या नवरीपासून लपून राहणं शक्यच नव्हतं. येट्सनं नंतर लिहिल्याप्रमाणे 24 तारखेच्या दुपारी जॉर्जीनं पेन्सिल घेतली आणि आपला हात आपोआप काय लिहितो ते पाहू म्हणाली.

पहिल्या काही ओळी आपण मुद्दाम, नवऱ्याचं मन वळवायला लिहिल्या, हे तिनं पुढे अभ्यासकांजवळ कबूल केलं. त्यानंतर मात्र हात आपल्या ताब्यात राहिला नाही, असंही ती म्हणायची. कबुलीचा पहिला भाग खरा आणि दुसरा खोटा मानायला मला काही आधार दिसत नाही. ज्यांनी सुट्टीत, घरची मोठी माणसं बाहेर गेल्यावर, प्लँचेट करून पाहिलंय त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. कागदावर गोलाकार अक्षरं मांडायची, मधे उलटी वाटी किंवा नाणं, त्यावर तिघाचौघांची बोटं. वाटी सरकायला लागते. जो तो शपथेवर सांगतो की मी ढकलत नाही. आणि कुणीच खोटं बोलत नसतं.

याचं कारण एकोणिसाव्या शतकातच सापडलं होतं. इच्छा केल्याशिवाय, नुसत्या अपेक्षेनंसुद्धा स्नायू बारीक हालचाल करतात, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्यकतज्ज्ञानं 1852 मध्ये मांडलं. भोवती बसून हात ठेवले की आत्मे टेबल फिरवतात असा समज होता; पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेनं अशा टेबलांची परीक्षा घेतली. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्यानं पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, त्यांच्यात मऊसर चिकट गोळ्या बसवल्या. टेबल हात ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला हवा. सरकला वरचा. म्हणजे हात पुढे आणि टेबल मागून. मग त्यानं हाताची हालचाल दाखवणारी काडी अशी लावली की बसलेल्यांना ती दिसेल. काडी दिसू लागताच टेबल फिरायचं थांबलं.

एवढ्यावर विषय मिटला असं विज्ञानाच्या बाजूचे लोक म्हणतात. मला तो इथं सुरू होतो असं वाटतं. हात कोण हलवतं हे कळलं, पण हात लिहितो काय आणि ते येतं कुठून, हा प्रश्न उरतोच.

जॉर्जीच्या बाबतीत कागद शिल्लक आहेत, म्हणून आत डोकावता येतं. पुढच्या अडीचेक वर्षांत सुमारे 450 बैठका झाल्या, 3600 हून जास्त पानं भरली. येट्स प्रश्न विचारी, जॉर्जी उत्तर लिही. लवकरच प्रश्नही वहीत उतरू लागले, त्यांना आकडे पडले. उत्तरं बहुधा तोकडी: हो, नाही, आज नको. कधी अक्षर आरशात पाहिल्यासारखं उलटं. बोलणाऱ्या आत्म्यांना नावं होती: डोर्लोविचचा थॉमस, अमेरिटस, डायोनर्टिस. त्यांच्या हाताखालचे मार्गदर्शक पान, मासा, गुलाब अशा नावांचे. शिवाय चुकीचं सांगून घोळ घालणारे उपद्रवी आत्मेही होते. पुढे लेखनाचा कंटाळा आला तेव्हा जॉर्जी झोपेत बोलू लागली आणि येट्स टिपून घेऊ लागला.

हे आत्मे येट्सला शिस्त लावत. माध्यम दमलं, आता बस करा, असं सांगत. नवराबायकोच्या खाजगी आयुष्यात, मुलाबाळांच्या बाबतीतही त्यांचं म्हणणं असे. आपल्याकडे ज्या सुनेचं घरात कुणी ऐकत नाही तिच्या अंगात देवी आली की सासरा हात जोडून उभा राहतो. जॉर्जी काही दबलेली सून नव्हती. ती शिकलेली होती, लॅटिन जाणणारी, ज्योतिषात मुरलेली, लग्नाआधीच येट्सच्या गूढविद्या मंडळात दाखल झालेली. पण आपल्याहून सत्तावीस वर्षांनी मोठ्या, ख्यातनाम नवऱ्यानं आपलं ऐकावं, याची सोय त्या पेन्सिलीनं केली हे खरं.

या पानांतून येट्सनं ‘अ व्हिजन’ हे पुस्तक रचलं. चंद्राच्या 28 कला म्हणजे माणसांचे स्वभावप्रकार. अमावास्या आणि पौर्णिमा यांना मनुष्यजन्म नाही. येट्स स्वतःला सतराव्या कलेत घालतो, सोबत दान्ते आणि शेली. एकमेकांत घुसलेले दोन फिरते शंकू इतिहास चालवतात. हा सगळा भाग मला कोष्टकासारखा रुक्ष वाटतो. वाचावा तो मरणानंतरचा भाग.

1937 च्या आवृत्तीत दोन जन्मांमधल्या सहा अवस्था आहेत. मृत माणसाला आधी आपले रक्ताचे नातलग दिसतात. मग येते ती सर्वांत विलक्षण अवस्था. आयुष्यातल्या ज्या घटना सर्वांत तीव्र होत्या त्या आत्मा पुन्हापुन्हा जगतो, तीव्रतेच्या क्रमानं. त्याच्या जोडीनं त्या घटना घडल्या त्या क्रमानंही जगाव्या लागतात, कारण गाठ कशी पडली ते कळल्याशिवाय ती सुटत नाही. त्यापुढच्या टप्प्यात चांगलं-वाईट उलटं करून भोगायचं, मग थोडा समतोल, मग शुद्धी, आणि शेवटी पुढच्या जन्माचं पूर्वदर्शन.

आपल्या दशक्रियेशी हे ताडून पाहावंसं वाटतं. तिथं दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताला देह मिळतो आणि सपिंडीनंतर प्रेत पितरांत जातं. दिवस ठरलेले, विधी ठरलेले. येट्सकडे भटजी नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही. तरी जिवंतांवाचून मृताचं तिथंही अडतं. आत्म्याला घटना आठवतात, पण त्यांतली नावं आणि शब्द त्याच्याजवळ नसतात. ते त्याला जिवंत माणसांच्या मनातून उसने घ्यावे लागतात.

या जागी मी थांबलो होतो. मृत्यूनंतरची गोष्ट सांगता सांगता पुस्तक आपण कसं तयार झालो तेच सांगून टाकतं. आत्मे असोत वा नसोत, शब्द जॉर्जीच्या मनातले होते: तिनं वाचलेलं तत्त्वज्ञान, तिचं ज्योतिष, तिला ठाऊक असलेला नवरा. प्रश्न येट्सचे होते, आणि प्रश्नांनी उत्तरांना आकार दिला. आम्ही तुला कवितेसाठी प्रतिमा द्यायला आलो आहोत, असं आत्म्यांनी सांगितल्याचं येट्स लिहितो. कवीला याहून सोयीचं उत्तर कोणतं? पण प्रतिमा खरोखर मिळाल्या. ‘बायझँटियम’ ही कविता आणि 1938 मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात झालेलं ‘पर्गेटरी’ हे नाटक त्याच मुशीतलं. नाटकात मेलेली आई आपली लग्नरात्र परत परत जगते आणि तिला सोडवायला निघालेला म्हातारा मुलगा भलतंच करून बसतो.

या कथेत एक मराठी माणूसही आहे. विदर्भातल्या बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी 1930 च्या दशकात लंडनला होते. त्यांचे गुरू भगवान श्री हंस यांच्या कैलास-मानससरोवर यात्रेचं मराठी पुस्तक त्यांनी इंग्रजीत आणलं. 1934 मध्ये निघालेल्या त्या अनुवादाला प्रस्तावना येट्सची आहे. पुढे मायोर्का बेटावर बसून दोघांनी दहा उपनिषदं इंग्रजीत उतरवली. संस्कृत स्वामींचं, इंग्रजीवरचा शेवटचा हात येट्सचा. जागृती, स्वप्न, सुषुप्ती हा मांडूक्याचा क्रम येट्सला आपल्या मरणोत्तर अवस्थांच्या शेजारी ठेवून पाहायचा होता. उपनिषदं आणि ‘अ व्हिजन’ची सुधारित आवृत्ती दोन्ही 1937 चीच. उपनिषदांच्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत.

‘अ व्हिजन’चं तसं झालं नाही. 1925 च्या आवृत्तीत येट्सनं एका काल्पनिक अरब टोळीची आणि जुन्या ग्रंथाची बनावट कथा रचली, कारण जॉर्जीला आपला वाटा उघड व्हायला नको होता. 1937 मध्ये त्यानं खरं काय ते प्रस्तावनेत सांगितलं. येट्स 1939 मध्ये गेला, जॉर्जी 1968 मध्ये. बैठकांची मूळ पानं तीन खंडांत छापली गेली ती 1992 मध्ये. ‘अ व्हिजन’च्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून आजही एकच नाव असतं.