रंगाचे माप

वर्णद्वेष हा शब्द कानी पडला की आपले मन चटकन समुद्रापार धाव घेते. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग स्थानकावर, पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असताही तरुण मोहनदास गांधींना डब्यातून खाली उतरविण्यात आले, ही हकिगत आपल्या मुलांना तोंडपाठ असते. २००९ साली मेलबर्न शहरात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा सारा देश संतापला. आणि तो संताप रास्तच होता. परंतु वाचकहो, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसावे आणि आपल्या डोळ्यातील मुसळ दिसू नये, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही. म्हणून आज दूरच्या देशाविषयी नव्हे, तर आपल्या एका शेजाऱ्याविषयी दोन शब्द लिहावेत असे मनात आहे.

बेळगावच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि अंकोला या तालुक्यांत, रानाच्या कडेकडेने सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतील. त्यांतील अनेकांना पोर्तुगीजांच्या गलबतांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले. धन्याच्या जाचातून निसटून काहींनी घाटावरील अरण्याचा आश्रय घेतला आणि तेथेच जमीन कसून संसार मांडले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान व कॅथलिक असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या घरांत कोकणी बोलली जाते; बाजारात त्यांना कानडी येते, अनेकांना मराठीही येते. त्यांच्या बायका जुन्यापुराण्या कपड्यांचे तुकडे जोडून सुरेख गोधड्या शिवतात. तिला त्या ‘कवंद’ म्हणतात. कोपऱ्यांवर कापडाचे एक छोटेसे ‘फूल’ शिवल्यावाचून गोधडी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

आफ्रिकेतून आलेला माणूस आपल्या मुलखाला नवा होता असेही नाही. हबसाणात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने १६१० साली खडकी हे नगर वसविले, त्याला नहरींचे पाणी दिले. तेच पुढे औरंगाबाद झाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. तो काळ काही समतेचा नव्हता. तरीही त्या दख्खनेत एका हबशाच्या हाती राज्याचा कारभार येऊ शकला, हे विसरून चालणार नाही.

रंगाच्या मापाने गोव्यात आपल्या लोकांनाही मोजले गेले. दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेउश द कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारण्यात आली. ते रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशपपदी चढले. पोर्तुगीजांच्या लेखी ते ‘इथले’ होते, एवढाच त्यांचा दोष. त्याच गोव्यात श्रीमंतांच्या वाड्यांतून आणि मठांतूनही गुलाम राबत होते, हेही ख्रिस्ती माणसाने प्रामाणिकपणे लक्षात ठेवावे. ज्या मापाने आपल्याला हलके ठरविले, ते माप आपण मोडून टाकावयास हवे होते. आपण ते जपून ठेवले आणि आता त्याने इतरांस मोजतो.

एक अलीकडचा अनुभव सांगतो. माझ्या परिचयाचा एक सिद्दी तरुण वीजकामाचे शिक्षण घेण्यासाठी शहरात आला. भाड्याच्या खोलीसाठी त्याने एका गृहस्थांना फोन केला. अस्खलित मराठी ऐकून ते खूश झाले. भाडे ठरले, संध्याकाळी या म्हणाले. आम्ही दोघे गेलो. दार उघडताच त्यांचा चेहरा क्षणभर थबकला. मग त्यांनी आम्हांला आत बसविले, चहा दिला आणि विचारले, “तुम्ही मूळचे कुठले?”

“हल्याळचा.”

“ते झाले हो. पण मूळचे?”

तो गप्प राहिला. थोड्या वेळाने यजमानांना आठवण झाली की त्या खोलीत त्यांचा भाचा येऊन राहणार आहे. बाहेर पडल्यावर तो तरुण मला म्हणाला, “फादर, पुढच्या वेळी फोन नकोच. आधी तोंड दाखवून येतो, म्हणजे एक फेरी वाचेल.” त्याच्या स्वरात राग नव्हता. तो एखाद्या सवयीच्या गोष्टीविषयी बोलत होता, आणि मला तेच अधिक लागले.

ते गृहस्थ दुष्ट होते काय? मुळीच नव्हे. त्यांनी अपशब्द उच्चारला नाही, चहा आपल्या हाताने दिला. रोजच्या जीवनातील वर्णद्वेष हा बहुधा असाच सभ्य असतो. तो हसतमुखाने विचारतो, “मूळचे कुठले?” आपणांपैकी कितीजणांना चारशे वर्षांपूर्वीचा आपला पूर्वज ठाऊक आहे? परंतु आपल्याला तो कोणी विचारीत नाही. सिद्दी माणसाला मात्र पिढ्यान्‌पिढ्या हाच एक दाखला मागितला जातो.

कधी कधी तर कौतुकाच्या वेषातही हेच माप वावरते. १९८७ साली सरकारी क्रीडा खात्याने सिद्दी मुले निवडून त्यांना धावण्याचे व अन्य मैदानी खेळांचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. काही वर्षांत ती योजना बंद पडली. मुलांना संधी मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु ‘आफ्रिकेचे रक्त म्हणजे पळणारच’ असे म्हणताना आपण त्या मुलाकडे पाहतो की त्याच्या कातडीकडे? त्याला गणित आवडते का, हे कोण विचारणार?

सुदैवाने काही दारे उघडत आहेत. उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेत गेले. त्या सभागृहात बसणारे ते पहिले सिद्दी. पण कायदा शाळेचे आणि कचेरीचे दार उघडू शकतो. घराचे दार घरातल्या माणसानेच उघडावे लागते.

म्हणून मातापित्यांनो, प्रारंभ घरातूनच करावा. मुलाचा वर्ण सावळा असेल तर त्यावरून थट्टेनेही नाव ठेवू नये; जे मूल घरात हे ऐकते, तेच शाळेत दुसऱ्याला ऐकविते. एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली गेला. आपल्या सोयरिकीच्या बोलण्यांतून ‘गोरी’ हा शब्द गेला आहे काय? कोणी सिद्दी, नागा वा आफ्रिकी विद्यार्थी आपल्या गावी आला, तर त्याचे केस चाचपून पाहू नयेत, त्याचे नाव विचारावे. आणि खोली रिकामी असेल, तर ती रिकामीच आहे असे सांगावे.

तो तरुण अजून खोली शोधतो आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाकडे असल्यास त्याने जरूर कळवावे. भाडे तो वेळेवर देईल.