एका रुळावरची गाडी पडत कशी नाही?

मध्यंतरी घरच्यांसोबत दिल्लीत चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात दिवसभर फिरलो. तिथे पतियाळा संस्थानच्या मोनोरेलचं वाफेचं इंजिन आहे. भाची म्हणाली, "मामा, रूळ एकच, मग ही आडवी का होत नाही?"

तर बघा, रुळापासून थोडं लांब, एका बाजूला, एक मोठं चाक आहे. ते साध्या रस्त्यावरून चालतं. गाडीचं बहुतेक वजन रुळावर, थोडंसंच या चाकावर. एकूण वजनाचा मध्य रूळ आणि चाक यांच्या मधे राहतो, म्हणून गाडी कुठल्याच बाजूला कलंडत नाही. हीच यूइंग पद्धत.

फायदा काय? रूळ निम्मे, रस्ता आधीच तयार. आणि भार रुळावर असल्याने ओढायला जोर कमी. १९०७ मध्ये सुरुवात झाली तेव्हा खेचरंसुद्धा ती ओढायची. इंजिनं नंतर बर्लिनहून आली. पुढे रस्ते सुधारले, मोटारी आल्या, आणि १९२७ मध्ये ती बंद पडली.

मुलांना घेऊन जाल तर आधी ते बाजूचं चाक दाखवा. आणि हो, सोमवारी जाऊ नका, बंद असतं!