पलीकडे कोण आहे?

गेल्या महिन्यात आईच्या मनगटावरचा पट्टा निकामी झाला. पट्टा शाबूत होता, चार्जिंगही होतं. कंपनीने त्याचं ॲपच बंद केलं. तिच्या नाडीच्या, झोपेच्या, पावलांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी एका ईमेलसरशी गेल्या. घरातल्या वृद्धांवर लक्ष ठेवायचं काम आपण गेल्या दशकात यंत्रांकडे सोपवलं. त्याचा हिशेब आता मांडायलाच हवा.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. नॉर्मन होल्टर यांचं हृदयाची नोंद घेणारं सुरुवातीचं यंत्र पाठीवर वागवावं लागे. वजन सुमारे 38 किलो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत अँड्र्यू डिब्नर यांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी ‘लाइफलाइन’ सुरू केली. मदत लागली की फोनच्या तारेवरून इशारा जायचा आणि पलीकडे तो घेणारा माणूस बसलेला असायचा. यंत्र साधं होतं, व्यवस्था पक्की होती.

आमच्या पुण्यात मनगटावरच्या यंत्रांची लाट 2015 नंतर आली. परदेशातली मुलं दिवाळीला येताना आईवडिलांसाठी पट्टे, घड्याळं आणू लागली. घड्याळाच्या पाठीचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्ताच्या ठोक्यागणिक कमी-जास्त परततो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पण सत्तरीनंतर कातडी कागदासारखी पातळ होते. पट्टा आवळला की वळ उठतो, सैल केला की आकडा चुकतो. आई तो बांगड्यांच्या वर सरकवायची आणि तिकडे भावाला वाटायचं, आईची नाडी बिघडली.

2018 मध्ये ॲपल वॉचमध्ये माणूस पडल्याचं ओळखणारी सोय आली. सोय चांगलीच. पण ती जोरात आदळण्याची दखल घेते. पलंगाच्या कडेवरून हळूच घसरत खाली बसलेली म्हातारी तिच्या नजरेतून सुटू शकते. शिवाय घड्याळ उतरवून अंघोळीला जायची सवय जन्माची, आणि पाय घसरतो तो न्हाणीघरातच. 2019 मध्ये याच घड्याळावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहभागी 4 लाख 19 हजार. त्यांत 65 च्या पुढचे जेमतेम 6 टक्के. अनियमित नाडीचा इशारा मात्र त्याच वयात सर्वाधिक वाजला. ज्यांना गरज होती तेच मोजणीत कमी होते.

मग कोविड आला. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या. घराघरांत आजोबा सहा मिनिटं चालून पुन्हा बोट पुढे करत होते. आकडा 94 च्या खाली गेला की कोणीतरी फोन उचलायचं, खाटेची चौकशी करायचं. त्या स्वस्त चिमट्याने अनेकांना वेळेवर दवाखान्यात पोचवलं, कारण आकडा विचारणारा माणूस रोज हजर होता. या दशकातलं आपलं सर्वांत चांगलं काम हेच, असं मी मानतो.

साथ ओसरली आणि ती माणसं पांगली. उरली ती ॲपं, वर्गणी, आलेख. आमच्या पेठेतले फॅमिली डॉक्टर जिना चढून यायचे, नाडी धरता धरता ‘सून काय म्हणते?’ विचारायचे आणि निम्मं निदान तिथेच व्हायचं. त्यांचा दवाखाना बंद झाला, जागी दुसरा आला नाही. साता समुद्रापार आलेख पाहणारा मुलगा आईला रोज बघतो, पण फोन रविवारीच करतो. कंपन्यांनीही घड्याळ विकलं मुलाला. ते घालणाऱ्या आईला काय खुपतं, हे विचारलं नाही. नोंदी तिच्या शरीराच्या, किल्ली मात्र त्यांच्या हाती. सेवा गुंडाळताना त्या नोंदी तिच्या हवाली करणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक हवं.

घड्याळं फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. आईला नवीन घ्यायचंच आहे. पण विकत घेण्याआधी दुकानदाराला नव्हे, घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना एवढं विचारा: रात्री दोनला इशारा वाजला तर दार उघडायला कोण जाणार? ते नाव ठरवा, त्याच्याकडे घराची किल्ली द्या आणि मगच पैसे मोजा.