खेळाडू न्यायाधीश झाला

अंगात बळ असले की माणूस कमावतो. पण बळ जन्मभर पुरत नाही. वय झाले की ते ओसरते. मग हाताशी काय उरते? अमेरिकेतल्या एका नामांकित खेळाडूने याचा विचार ऐन तरुणपणीच केला. त्याचे नाव ॲलन पेज. त्याची ही हकिगत.

कारखान्यांचे शहर

अमेरिकेत ओहायो नावाचे राज्य आहे. त्या राज्यात कँटन हे शहर आहे. तिथे पोलादाचे कारखाने होते. १९४५ साली ॲलनचा जन्म या शहरात झाला.

ॲलन काळ्या वर्णाचा. त्याच्या लहानपणी अमेरिकेत काळ्या लोकांना फार अन्याय सोसावा लागे. कित्येक राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी शाळांत असा भेद करणे घटनेला धरून नाही. कायद्याच्या अंगी केवढी ताकद असते, हे त्या निकालाने दाखवले.

शहरातली पुष्कळ माणसे कारखान्यात राबत. ॲलनला ते काम नको होते. आपण वकील व्हायचं, असे त्याने लहानपणीच मनात धरले. तो तेरा वर्षांचा असताना आई वारली. पण शिकलं पाहिजे, ही गोष्ट आईबापांनी त्याच्या मनावर ठसवली होती.

हा फुटबॉल निराळा

फुटबॉल म्हटला की आपल्याला पायाने मारायचा चेंडू आठवतो. अमेरिकेतला फुटबॉल तसा नाही. तिथला चेंडू लांबट असतो. दोन्ही टोकांना निमुळता. खेळाडू तो हातात घेऊन पळतात, नाहीतर फेकतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार खेपांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे सरकायचे असते. तेवढे जमले नाही तर चेंडू दुसऱ्या बाजूला जातो.

दुसरी बाजू काय करते? चेंडूवाल्याला धरून खाली पाडते. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडतात ना, तसंच काहीसं. पण इथे टक्कर फार जोराची. म्हणून डोक्यावर टोप आणि खांद्यांवर गाद्या बांधाव्या लागतात.

ॲलन हा असा पकडणारा गडी. १९६७ साली मिनेसोटा राज्यातल्या व्हायकिंग्ज संघात तो पगारी खेळाडू झाला. १९७१ साली सबंध देशातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. पकडणाऱ्या गड्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला. १९८१ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, तो पगारी खेळ खेळला.

वही वाचता येईना

या खेळात डाव पुष्कळ. ते सगळे एका वहीत लिहिलेले असतात. एकदा खेळ शिकवणाऱ्या मास्तरांनी गड्यांना ती वही एकेक करून मोठ्याने वाचायला सांगितली. कोणी सरळ वाचले. कोणी अडखळले. आणि काहींना तर वाचताच येईना!

ही माणसे काही शाळेबाहेर वाढलेली नव्हती. ती कॉलेजात जाऊन आली होती. मग असं कसं झालं? खेळात चांगली, म्हणून ती वर्गामागून वर्ग पुढे सरकली. वाचता येतं का, हे कोणी नीट पाहिलंच नाही. मैदानात टाळ्या मिळाल्या, पण अक्षर हाती लागले नाही. खेळ संपल्यावर या गड्यांनी काय करायचे? ही गोष्ट ॲलन पेज यांच्या मनाला लागून राहिली.

खेळता खेळता वकील

पेज यांनी स्वतःचे शिक्षण सोडले नव्हते. कायदा शिकायला त्यांनी एकदा नाव घातले, पण तीन आठवड्यांतच सोडून दिले. म्हणून ते कायमचे खचले नाहीत. काही वर्षांनी त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा नाव घातले. एकीकडे खेळ, एकीकडे अभ्यास. १९७८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

पुढे त्यांनी वकिली केली. त्या राज्यात वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडतात. १९९२ साली पेज निवडून आले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात बसणारे ते पहिले काळे न्यायाधीश. १९९३ पासून २०१५ पर्यंत त्यांनी ते काम केले. सत्तराव्या वर्षी नियमाप्रमाणे ते निवृत्त झाले.

परतफेड कशी करायची?

१९८८ साली कँटन शहरात पेज यांचा मोठा सत्कार झाला. तिथे नामवंत खेळाडूंचे एक स्मारक-भवन आहे. या भवनाच्या बांधकामावर पेज यांनी तरुणपणी मजुरी केली होती! आता त्याच भवनात त्यांचे नाव लागले. अशा वेळी खेळाडू बहुधा आपल्या खेळातल्या माणसाकडून स्वतःची ओळख करून देतो. पेज यांनी मात्र एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापिकेला बोलावले. आणि भाषण केले ते शिक्षणावर.

त्याच साली पेज आणि त्यांच्या पत्नी डायेन यांनी एक शिक्षण-निधी उभा केला. गोऱ्या नसलेल्या समाजांतल्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी त्यातून मदत मिळते. आजवर हजारो विद्यार्थ्यांना ती मिळाली आहे. पण मदतीला एक अट आहे. पैसे परत करायचे नाहीत. त्याऐवजी वर्षातून पन्नास तास लहान मुलांबरोबर काम करायचे, त्यांना अभ्यासात हात द्यायचा. थोरल्याने धाकट्याला शिकवले की धाकटाही म्हणतो, "मलाही असं शिकता येईल."

पेज स्वतःही शाळांत जाऊन मुलांशी बोलत. खेळात त्यांची एक करंगळी मोडून पार आडवी झाली होती. मुलांचे डोळे तिच्यावर खिळत. मग २०१३ साली त्यांनी आणि त्यांची शिक्षिका मुलगी केमी यांनी त्या करंगळीवरच मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. २०१७ साली मिनियापोलिस शहरातल्या एका शाळेला पेज यांचे नाव देण्यात आले.

आपण काय घ्यावे?

तुम्ही मोठ्या वयात अक्षर शिकलात. त्याला किती धीर लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. आता एक करा. घरातले मूल वरच्या वर्गात गेले, म्हणजे त्याला वाचता आले, असे धरून चालू नका. रोज संध्याकाळी त्याला जवळ बसवा. म्हणा, "बाळ, एक पान मोठ्याने वाच बरं." ते अडखळले तर रागावू नका. दोघे मिळून तो शब्द सोडवा. त्याचेही वाचन सुधारेल आणि तुमचेही.