पाठ्यपुस्तकाशेजारी ठेवावीत अशी पुस्तके

१८५७ च्या उठावावर मुलांना अवांतर काय वाचावयास द्यावे, असे एका तरुण शिक्षकाने परवा विचारले. सनावळी पाठ करून मुलांना गुण मिळतात. पण झाशी पडल्यावर तेथील माणसे कोठे लपली, काय खाऊन जगली, हे त्यांच्या कानांवर कधी येत नाही. आम्ही त्यांना जी पुस्तके सुचविली, त्यांच्या लेखकांपैकी तलवार कोणीच हाती धरलेली नाही.

पहिले अर्थातच विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेत निघाला आणि थेट युद्धात सापडला. उठावाच्या कारणांविषयी भटजी जे सांगतात ते पुष्कळसे ऐकीव आहे. इतिहासकाराने ते पारखूनच घ्यावे. परंतु १८५८ च्या झाशीच्या वेढ्याला ते स्वतः हजर होते. तेथे त्यांची लेखणी विलक्षण होते. शहर पडल्यावरची कत्तल ते सांगतात आणि लुटीचा क्रमही टिपतात: आधी सोनेनाणे, मागाहून भांडीकुंडी. भिक्षुकाची नजर घराघरांतून हिंडलेली. तिला हिशेब बरोबर कळतो. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांना भेटते. भटजी पाणी काढू लागतात, तर ती विद्वान ब्राह्मणाला ते करू देत नाही. स्वतः पाणी शेंदून ओंजळीने पिते. एवढ्या एका प्रसंगात पराभव आहे आणि त्या काळाची समाजरचनाही आहे.

मात्र प्रत पाहून घ्यावी. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापले ते बरेच संस्कार करून. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. वैद्यांचे ऋण मोठे, पण भटजींची खरी बोली ऐकायची तर पोतदारांची प्रतच हवी.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागांनी निघाले. त्याला कोणी युद्धकथा म्हणणार नाही. पण लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. मीठसुद्धा धुऊन घेणारे हे घर त्या हसत हसत रंगवितात. वाचकालाही हसू येते, आणि मग त्या घरातील बायकामुलांचे हाल ध्यानात येऊन ते हसू ओसरते. राज्य बुडाल्याची झळ स्वयंपाकघरात कशी पोहोचते, हे सरकारी दप्तरात सापडावयाचे नाही.

हा विटाळ ज्यांच्या स्पर्शाचा मानला गेला, त्यांची बाजू या दोन्ही पुस्तकांत नाही. ती दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) आहे. काळ पुढचा, पण धागा तोच. शिक्षक येथे किंचित थबकले. मुलांना हे झेपेल का, अशी त्यांना शंका. आमच्या मते वरच्या वर्गांना खुशाल द्यावे. मुलांपेक्षा पालकांचीच समजूत घालावी लागेल.

आरंभ कोठून करावा, असे त्यांनी जाता जाता विचारले. आम्ही विहिरीचा प्रसंग काढून दिला आणि तो तासाला मोठ्याने वाचावयास सांगितले.